तुमचं या घरात काय आहे?

आमच्या आयटीच्या धंद्यात 'स्टेकहोल्डर' हा शब्द फार स्वस्त झालाय. मीटिंगला अठरा जण बसतात, त्यातले पंधरा फक्त मत द्यायला आलेले असतात, आणि सिस्टीम रोज वापरणारी एकमेव बाई कोपऱ्यात गप्प बसलेली असते. तिला कोणी काही विचारत नाही. मग सहा महिन्यांनी, सगळं बांधून झाल्यावर ती एक वाक्य बोलते आणि अर्धं काम परत करावं लागतं.

घर विकताना अगदी हेच होतं. फरक इतकाच की चहा बरा मिळतो.

गेल्या दोन वर्षांत मी दोन घरं विकली जाताना जवळून पाहिली. एक पुण्यात धनकवडीला, माझ्या मावसबहिणीचा फ्लॅट. दुसरं काठीला, म्हणजे आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे गेलं की लागतं ते काठी. (राजवाडी होळीमुळे नाव ऐकलं असेल. पहाटे पेटणारी होळी. एकदा जाऊन याच.) दोन्ही ठिकाणी मधे एक मध्यस्थ होता, घर विकणारा त्याचा गिऱ्हाईक होता आणि गिऱ्हाईकाच्या मागे नातेवाईक-मित्रांची पलटण होती. पुण्याचा एजंट टाय लावणारा, काठीचा मध्यस्थ पिठाची गिरणी चालवणारा. काम कोणाला जमलं हे तुम्ही ओळखलंच असेल, पण का जमलं ते सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

आधी पुणं.

एजंट लोकांचा एक ठरलेला मंत्र असतो: नातेवाईकांना लांब ठेवा. ताईच्या एजंटनेही पहिल्याच भेटीत तो ऐकवला. "मॅडम, डिसिजन तुमचं आणि साहेबांचं. दहा जणांना विचारत बसलात तर व्यवहार होत नाही." ऐकायला व्यावसायिक वाटतं. पण जरा विचार करा. एजंटला पैसे कधी मिळतात? व्यवहार झाला तरच. एक-दोन टक्के, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून. म्हणजे खोलीत बसलेल्या सगळ्यांमध्ये 'थांबा, आत्ता विकू नका' असं म्हणून ज्याचं नुकसान होईल असा तो एकच माणूस. तुमच्या काकाला अक्कल कमी असेल, पण त्याला कमिशन नाही. त्यामुळे काकाची शंका फुकट असली तरी फुकट घालवण्यासारखी नसते.

आता काकांचीही बाजू फार घ्यायला नको. ताईकडे काय काय सल्ले आले! भाओजींच्या ऑफिसातल्या एकाने 'तसाच फ्लॅट ९५ लाखांना' विकला होता. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या मते मेट्रो होईपर्यंत विकणं हा शुद्ध वेडेपणा. एक मैत्रीण म्हणाली की स्वयंपाकघराची दिशाच चुकलीय, म्हणून गिऱ्हाईक टिकत नाही. यातल्या किमतीच्या सल्ल्यांवर एक साधा उपाय आहे आणि तो एजंट लोक का वापरत नाहीत हे मला कळत नाही (म्हणजे कळतं!). नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये जाऊन सूची क्रमांक २ काढता येते. त्याच सोसायटीत, शेजारच्या सोसायटीत खरोखर किती रकमेला दस्त नोंदवले गेले ते त्यात दिसतं. मित्राने सांगितलेला आकडा बहुतेक वेळा जाहिरातीतला असतो, म्हणजे मागितलेला, मिळालेला नव्हे. आणि रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्क काढण्यासाठी असतो, त्याला बाजारभाव समजू नये. मी एका शनिवारी बसून ताईला सात-आठ दस्त काढून दिले. ९५ लाखवाले गृहस्थ त्यानंतर हवामानावर बोलू लागले.

खरी गंमत पुढे. टोकन घेऊन झालं, गिऱ्हाईकाचं कर्ज मंजुरीला गेलं आणि बँकेच्या वकिलाने एक प्रश्न विचारला. २००९ च्या खरेदीखतावर भाओजींच्या जोडीला त्यांच्या वडिलांचं नाव आहे, ते २०१६ ला वारले, मृत्युपत्र नाही. मग त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचं काय?

कायदा सरळ आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे आणि मुली सारख्या वाट्याने. बऱ्याच जणांना वाटतं मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीबद्दल. बापाने स्वतः घेतलेल्या घरात मुलीचा वाटा १९५६ पासूनच आहे. म्हणजे सासूबाई, भाओजी, न्यू जर्सीचा दीर आणि ताईची नणंद, असे चौघे त्या अर्ध्यात. प्रत्येकी पूर्ण फ्लॅटचा आठवा हिस्सा.

ही नणंद तीन महिने फोन करून 'आईला विचारलं का?' म्हणत होती. एजंटने तिचं नाव 'अडचण' म्हणून वहीत टाकलं होतं, ती मालकीण निघाली! दीर तर रोज व्हॉट्सअ‍ॅपवर भाव सांगायचा, पण तोही मालक आहे हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. मग त्याचं वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र, ते इथे येऊन त्यावर मुद्रांक, वगैरे वगैरे. अडीच महिने गेले. गिऱ्हाईक भला होता म्हणून टिकला.

यात एजंटची चूक काय? त्याने सगळ्यांना 'मत देणारे' या एकाच डब्यात टाकलं आणि डब्याला झाकण लावलं.

आता काठी. हे घर माझ्या इंजिनीअरिंगच्या मित्राच्या काकांचं. आश्रमशाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. काकूंना दर आठवड्याला उपचारासाठी नंदुरबारला न्यावं लागायचं. दर खेपेला घाट, रस्ता, पावसाळा. म्हणून मुलाजवळ राहायला जायचं ठरलं आणि घर काढायचं ठरलं. सागाचे खांब, मागे कुडाच्या भिंती, पुढची एक खोली सिमेंटची.

इथे घर विकणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना चटकन कळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ३६ कलम आणि १९७४ मध्ये आलेलं ३६-अ यांमुळे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय देता येत नाही. अनुसूचित क्षेत्रात तर २०१६ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अशा व्यवहाराला आधी ग्रामसभेची मंजुरी लागते. पुण्यात ज्याला आपण 'लोकांची लुडबुड' म्हणतो ती इथे कायद्यात लिहिलेली आहे, आणि ती उगाच लिहिलेली नाही. सावकार आणि व्यापाऱ्यांनी एकेकट्या माणसाला गाठून, एका अंगठ्यावर किती जमिनी नेल्या, त्याचा हा धडा आहे. एकट्याने घेतलेला निर्णय हा नेहमी स्वतंत्र निर्णय असतो असं नाही, एवढं तरी त्यातून समजतं.

गुरुजींचं गिऱ्हाईक शेजारच्या पाड्यातला नोकरदार मुलगा, आदिवासीच. त्यामुळे ग्रामसभेच्या मंजुरीचा प्रश्न नव्हता. पण दुसरा होता. घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. तो घरपट्टीच्या आकारणीचा, मालकीचा पुरावा म्हणून लंगडाच. (२०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात, ती हातात असेल तर बरंच सोपं होतं. गुरुजींकडे नव्हती.) जिथे कागद अपुरा तिथे माणसंच कागद असतात. हद्द कुठली, वाट कुणाची, खांब कुणाच्या वाट्याचे, हे भावाला माहीत असतं, बहिणीला माहीत असतं, शेजाऱ्याला माहीत असतं. त्यांना लांब ठेवलं तर अर्धी फाइलच लांब ठेवल्यासारखं.

गिरणीवाल्याने बैठक होळीच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. कारण सोपं, गुजरातेत कामाला गेलेले सगळे होळीला घरी येतात. पुन्हा इतकी माणसं वर्षभर एकत्र सापडत नाहीत. मी मित्राबरोबर होळी बघायला गेलेलो, म्हणून आपसूक हजर. गुरुजींचे थोरले भाऊ, बहीण, दोन पुतणे, शाळेतले दोन जुने सहकारी, शेजारी आणि मी.

आणि त्याने कुणालाच 'तुमचं मत काय' विचारलं नाही. प्रत्येकाकडे वळून एकच प्रश्न: "तुमचं या घरात काय आहे?"

बघा, काय फरक पडतो या प्रश्नाने. थोरले भाऊ म्हणाले, "माझी शेताची वाट अंगणातून आहे." बरोबर, आहे. लिहून घेतली. शाळेतले एक गुरुजी भाडेकरू ठेवण्यावर बराच वेळ बोलण्याच्या तयारीत होते, त्यांनी प्रश्न ऐकला, हसले आणि म्हणाले, "माझं काही नाही, मी चहाला आलोय." माझा मित्र 'ऑनलाइन टाकूया, भाव जास्त येईल' असं मघापासून सांगत होता. (विकत कोण घेऊ शकतं हे कायद्याने ठरवलेलं, आणि हा पुण्या-मुंबईच्या वेबसाइटवर टाकणार. इंजिनीअर!) त्यालाही तोच प्रश्न. तो गप्प बसला. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाला हाकललं नाही, पण पंधरा मिनिटांत आपोआप चाळणी झाली.

शेवटी फुई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिचं मागच्या दारचं मोहाचं झाड होतं. झाड तिच्या बापाने तिला दिलेलं, फुलं दरवर्षी तीच वेचते. कुठल्याच कागदावर नाही. घेणाऱ्याला सांगितलेलंही नाही. गुरुजींच्या लक्षातच नव्हतं, कारण त्यांच्या दृष्टीने ते झाड 'असतंच'.

आता गंमत अशी की फुईला 'तुझं मत काय' विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? 'भाऊ म्हणेल तसं.' शंभर टक्के. आपल्याकडच्या बहिणी दुसरं काही म्हणत नाहीत, मग त्या काठीच्या असोत की कोथरूडच्या. माहेर तुटायला नको म्हणून हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतात. २०२१ मध्ये राजस्थानात कोटा जिल्ह्यातल्या एका तहसीलदाराने तर राखीच्या निमित्ताने बहिणींनी हक्क सोडावा असं आवाहनच काढलं होतं. आदिवासी बायकांचं आणखी अवघड. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, रूढीवर चालतं, आणि रूढी काय ते पुरुष सांगतात. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर तिला समान वाटा मिळाला पाहिजे. मोठी गोष्ट आहे. पण कोर्टापर्यंत जाणार कोण? बैठकीत कुणीतरी तिच्याकडे तोंड करून नीट विचारलं तर तो रस्ता जवळचा.

तुम्ही म्हणाल, खेड्यातलं ठीक आहे, शहरात एवढा वेळ कुणाला? वेळेचाच हिशोब करा की. काठीची बैठक साधारण दोन तास चालली. धनकवडीला अडीच महिने गेले. आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं की रिक्वायरमेंट गोळा करताना सापडलेली चूक स्वस्त पडते, डिलिव्हरीनंतरची महाग. एजंटचं काम गिऱ्हाईक आणण्याइतकंच हेही आहे. जाहिरात टाकण्याआधी विकणाऱ्याला विचारून हिस्सेदारांची, घरात राहणाऱ्यांची, ज्यांनी कधीकाळी पैसे घातले त्यांची यादी करायची, आणि एकदा सगळ्यांना समोरासमोर बसवायचं. मागच्या दाराने एकेकट्या नातेवाइकाला फोन करून पटवायचं मात्र नाही. एजंट हा गिऱ्हाईकाचा माणूस, दिराचा नव्हे. ज्यांचं घरात काहीच नाही त्यांचंही ऐकावं, पण त्यांच्यासाठी तारीख पुढे ढकलू नये.

एक अडचण मला दिसते, ती सांगतो. या प्रश्नाला 'माझ्या आठवणी आहेत' असंही उत्तर येतं. ताईच्या सासूबाई तेच म्हणाल्या असत्या. त्याचं काय करायचं? आठवणीला हिस्सा नसतो. पण सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी फक्त देवघराचा लाकडी चौरंग मागितला असता, जो एजंटने 'फर्निचरसकट' म्हणून देऊन टाकला होता. तो परत आणायला भाओजींना दोनदा जावं लागलं.

गुरुजींचा व्यवहार मे महिन्यात अक्कलकुव्याला नोंदवला गेला. त्यात वाटेची एक ओळ आहे आणि मोहाच्या झाडाची एक. घेणाऱ्या मुलाने झाडाबद्दल किंमत थोडी पाडून मागितली, गुरुजींनी पाडली. ताईच्या नणंदेने मात्र हक्कसोड केलं नाही. तीही दस्तावर विकणारी म्हणून उभी राहिली आणि ७२ लाखांतले तिच्या वाट्याचे ९ लाख तिने घेतले. घरातली काही मंडळी अजून नाराज आहेत. असू देत.