गुप्त हुकूम कशासाठी?

ज्यांचे तोंड कधी पाहिले नाही, ज्यांचे गाव ठाऊक नाही, अशा परक्या माणसांशी तावातावाने भांडण्याची हौस मराठी माणसाला जुनीच आहे. पूर्वी ती लोकलच्या डब्यात आणि आमच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात भागत असे. आज ती मोबाईलवर भागते. नळाला पाणी का नाही, रिक्षावाला जवळचे भाडे का नाकारतो, शाळेत कोणती भाषा आधी शिकवावी, एकही विषय सुटत नाही. या वादांत शिवराळपणा फार, आणि त्याचा आम्हांला मनस्वी तिटकारा आहे. परंतु नागरिकाला वाद घालता येतो की नाही, हा प्रश्न त्याच्या सभ्यतेच्या प्रश्नाहून मोठा आहे.

पालघरचे प्रकरण महाराष्ट्राने विसरता कामा नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे निवर्तले आणि मुंबई बंद झाली. हा बंद आदरापोटी की भीतीपोटी, अशी शंका एका तरुणीने फेसबुकवर व्यक्त केली. दुसरीने तिला नुसती पसंती दर्शविली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली! पहिलीच्या काकांच्या इस्पितळाची जमावाने मोडतोड केली, ती निराळीच. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण मिटले. पण आमच्याकडची मुस्कटदाबी बहुधा याच क्रमाने चालते: आधी दांडगाई येते, आणि तिच्यामागून कायदा येतो.

तो कायदा म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ. ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले सैल शब्द त्यात होते आणि त्यांवर तीन वर्षांपर्यंतची कैद होती. (त्रास देणे हा गुन्हा ठरला, तर कोणत्या संपादकाने घरी झोपावे?) सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. चर्चा आणि प्रतिपादन कितीही अप्रिय असो, त्याला घटनेचे संरक्षण आहे. चिथावणीपाशीच सरकारचा अधिकार सुरू होतो, असे न्यायालयाने बजावले. तरीही मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा तंबी द्यावी लागली.

मात्र त्याच निकालात कलम ६९-अ शाबूत राहिले. त्याखाली सरकार मजकूर रोखू शकते. त्यासाठी २००९ साली केलेल्या नियमांपैकी सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवावयास सांगतो. हुकूम कंपनीला जातो. ज्याने लिहिले, त्याला पुष्कळदा कारणही कळत नाही. परक्या सरकारनेसुद्धा १९०८ साली टिळकांना मुंबईच्या न्यायालयात उघडपणे उभे केले होते. ‘केसरी’तील लेख तेथे वाचले गेले, टिळक दिवसेंदिवस बोलले, आणि मग त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तो न्याय नव्हता. पण कोणत्या अक्षरांबद्दल शिक्षा झाली, हे सगळ्या देशाला कळले. स्वराज्यातल्या नागरिकाला तेवढेही कळू नये काय?

अफवांनी माणसे मरतात, हे आम्हांला ठाऊक आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारे समजून पाच निरपराध भटक्यांना जमावाने ठेचून मारले. असल्या अफवेला तत्काळ अटकाव झालाच पाहिजे. परंतु खऱ्याखोट्याचा निवाडा कोणाच्या हाती द्यावयाचा? केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा की खरा, हे केंद्राच्याच पथकाने ठरवावे, असा नियम २०२३ मध्ये झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला, हे उत्तम झाले.

आता सोळाव्या नियमातील गुप्ततेची तरतूद काढून टाकावी, अशी आमची मागणी आहे. प्रत्येक हुकूम कारणांसह प्रसिद्ध व्हावा. लिहिणाऱ्याचा पत्ता लागत असेल, तर त्याला नोटीस जावी आणि त्याचे म्हणणे ऐकले जावे. दंगलीचा धोका असेल तेथे आधी रोखा आणि मागाहून ऐका, पण ऐका. महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस खासदारांपैकी हा प्रश्न संसदेत कोण उपस्थित करतो, ते आम्ही पाहणार आहोत.