दृश्याचा सातबारा

मापगावच्या बाजूने कनकेश्वर चढायला लागलो तेव्हा पायऱ्यांवर अजून ऊन आले नव्हते. मी देवदर्शनाला आलो नव्हतो, हे आधीच कबूल करतो. पायथ्यापासून जवळच दहा गुंठ्यांचा एक तुकडा पाहायला आलो होतो. मुंबईच्या एका स्नेह्याने सुचवलेला, आधीच बिनशेती झालेला, कागदपत्रे चोख, शिवाय ‘समुद्र दिसतो’. निवृत्तीनंतर माणसाला मोकळी हवा हवीशी वाटते आणि ती आपल्याच नावावर असावी, असेही वाटू लागते.

हा परिसर मला नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अलिबाग तालुक्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचा अधिकारी होतो. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला यायचे आणि पुढे एसटीची वाट पाहायची. पीककर्जाच्या तपासणीसाठी बांधावरून चालताना मान वर केली की कनकेश्वर दिसे. त्याची सातशेच्या आसपास पायऱ्यांची वाट अठराव्या शतकात राघोजी आंग्रे यांच्या काळात बांधली गेली. तरुणपणी ती मी एका दमात चढलो होतो. या वेळी नागोबाच्या टप्प्यालाच बसावे लागले.

वर पोचल्यावर थोडे इकडे-तिकडे फिरले की हा डोंगर मुंबईकरांना का ओढतो, ते कळते. पश्चिमेला नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यापलीकडे समुद्र आणि त्यात खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या डोळ्यांदेखत बांधायला घेतलेला हा जलदुर्ग २०२५ मध्ये बारा मराठा किल्ल्यांच्या गटातून जागतिक वारशाच्या यादीत गेला. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर मुंबई. पूर्वेला धरमतरच्या खाडीपर्यंत पसरलेली भातशेती. त्याच बाजूला चरी आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे तिथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. नारायण नागू पाटील त्यांचे नेते होते आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५७ च्या १ एप्रिलला, कृषक दिनी, कूळ जमिनीचे मालक ठरले, त्यामागे या संपाची पुण्याई आहे.

ज्या जमिनीसाठी आजोबा सहा वर्षे उपाशी राहिले, ती नातू आता विकतो आहे. शहरी माणूस हे मोठ्या हळहळीने सांगतो आणि बहुधा विकत घेणारा तोच असतो.

अंतर कमी झाले, हे त्याचे उघड कारण. २०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि मोटारीसकट माणूस तासाभरात या किनाऱ्याला लागू लागला. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. रेवस-करंजा पूल हे तर अंतुल्यांचे जुने स्वप्न. या सोयींना नावे ठेवणार नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला मुंबईला न्यावे लागलेल्या घराला त्यांची किंमत विचारावी. पण दळणवळण वाढले की जमिनीचा भाव वाढतो, हे गणित शाखेतल्या शिपायालाही कळत होते.

दुसरे कारण कायद्याच्या मोजपट्टीत आहे. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा नियमनाखाली आणला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. यावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण कनकेश्वरावरून जे दिसते त्यातले बहुतेक त्या ५०० मीटरांच्या बाहेरच आहे. कायदा भरतीच्या रेषेपासून मोजतो. दृश्य डोंगरावरून मोजले जाते.

उतरल्यावर एका जुन्या खातेदाराच्या घरी गेलो. वय ऐंशीच्या पुढे, पण ओळख पक्की. चहा झाल्यावर मी विचारले, “पाटील, खाडीकडची शेती कशी आहे?”

“शेती कुठली, साहेब? बांध फुटला, खारे पाणी आत आले. पहिल्यासारखा सगळा गाव मिळून बांध घालायचा, तर गावात माणूस आहे कुठे? आता तिथे कांदळवन उगवलेय. त्याला हात लावायचा नाही, भात पिकत नाही आणि विकायला गेलो की तुम्ही लोक हळहळता.”

मला उत्तर देता आले नाही. कांदळवन राखलेच पाहिजे, पण त्याची किंमत एकट्या पाटलांनी का मोजावी?

बँकेत तारणाचे मूल्यांकन करताना आम्ही माती, पाणी, रस्ता पाहत असू. आज समुद्र दिसला की भाव चढतो. पण ते दृश्य विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर कुठेच नसते. शेजारच्याने भात लावला, त्याच्या शेजारच्याने बांध राखला, कोणी वाडीला पाणी दिले, म्हणून ते तसे दिसते. प्रत्येक बंगला इतरांनी राखलेल्या हिरवाईच्या भरवशावर उभा राहतो आणि स्वतः तिच्यातला एक तुकडा कमी करतो.

म्हणून नुसत्या बंदीने भागणार नाही. खारबंदिस्तीची दुरुस्ती पावसाळ्याआधी व्हावी, कांदळवनात गेलेल्या शेताचा मोबदला मिळावा आणि डोंगरउताराचा विचार प्रादेशिक आराखड्यात किनाऱ्याइतक्याच गांभीर्याने व्हावा. शेती राखणे परवडले, तरच दृश्य राहील.

स्नेह्याला मी नकार कळवला. यात त्याग कसलाही नाही. तो तुकडा दुसरा कोणी घेईलच. फक्त ज्या बांधांवरून हिंडून मी कर्जे दिली, तिथे कुंपण घालणाऱ्यांत आपले नाव नको, एवढेच वाटले. कनकेश्वर चढायला अजून कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी साथ दिली, तर पुन्हा जाईन.