सशाला मधुमेह जिलेबीनं होत नाही

पुस्तक आठ पानांचं आहे, गुळगुळीत कागदावर छापलेलं. पहिल्या पानावर ससा जिलेबी खातो. पुढच्या पानांवर पेढे, मग लाडू. पाचव्या पानावर तो गळून पडतो. सहाव्यावर अस्वलडॉक्टर बोट रोखून त्याला सुनावतात आणि शेवटी जंगलातले सगळे प्राणी एका सुरात सांगतात की हावरटपणा केला की असंच होतं. सगळं यमकात. आरोग्याच्या एका कार्यक्रमात आमच्या उंब्रजच्या पोरांना ते फुकट वाटलं गेलं आणि दोन दिवसांत वर्गाला तोंडपाठ झालं.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला टाइप वन मधुमेह आहे. तिनं पुस्तक वाचलं, मिटलं, दप्तराच्या तळाशी घातलं. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन तिनं विचारलं, "बाई, मी किती जिलेब्या खाल्ल्या असतील?"

त्या पुस्तकाच्या लेखकाला मी ओळखत नाही आणि मला त्याचं नाव घ्यायचंही नाही. पण मी त्याला माफ करू शकत नाही. पोरांचा हा आजार गोड खाऊन होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते आणि हे ज्या पोराच्या वाट्याला येतं त्यानं काहीही केलेलं नसतं. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी या आजाराच्या पोरांना जवळजवळ उपाशी ठेवत आणि ती तशीच खंगून जात. औषध येऊन शंभर वर्षं झाली, तरी आम्ही यमक जुळतं म्हणून जिलेबीवर खापर फोडतो आणि तेही आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून वदवून घेतो.

तिच्या आईला आधीच सगळी आळी ऐकवत होती. "लय गोडाचा नाद हुता पोरीला, म्हणून झालं." आई बिचारी मला विचारायची, "बाई, लहानपणी तिला दुधात साखर घालून देत हुते, त्यानं झालं असंल का हो?" मी तिला दहा वेळा नाही म्हणून सांगितलं. मग छापील पुस्तक घरात आलं. छापील शब्दापुढं माझ्यासारख्या मास्तरणीच्या बोलण्याला किती किंमत?

माझी चूकही इथंच सांगते, नाहीतर हा राग खोटा ठरेल. आजार कळायच्या आधी तीनेक आठवडे ती दर तासाला "बाई, जाऊ?" म्हणून उभी राहायची. पाण्याची बाटली पहिल्याच तासाला रिकामी, मग शेजारणीची. मी दोनदा सोडलं की तिसऱ्यांदा खाली बसवायचे. वर्गाबाहेर हुंदडायला निमित्त काढते, असं मला वाटलं. एके दिवशी ती बसल्या जागी भिजली. पोरं हसली. त्याच आठवड्यात तिला कराडला दवाखान्यात हलवलं, तेव्हा ती खोल खोल श्वास ओढत होती आणि फ्रॉक अंगावर पोत्यासारखा लोंबत होता. सारखी तहान, सारखी लघवी, उतरत जाणारं वजन. तिन्ही खुणा माझ्या डोळ्यांपुढं होत्या आणि मला त्यात फक्त बहाणा दिसला.

मला बहाणाच का दिसला, यावर मी खूप विचार केला. आपण पोरांना लहानपणापासून जे सांगतो त्यातल्या आजाऱ्यांची यादीच करून बघा. आजारी सिंह गुहेत पडून असतो आणि समाचाराला येणाऱ्या प्राण्यांना खातो. शहाणा कोल्हा कोण, तर आत गेलेल्या पावलांचे ठसे बघून जो भेटायलाच जात नाही तो. मगरीची बायको आजारी पडते ती माकडाचं काळीज खायला मिळावं म्हणून. या गोष्टींत आजारपण म्हणजे डाव. त्याच गोष्टी मी पंचवीस वर्षं हातवारे करून सांगत आले आणि समोर खरं आजारी पोर उभं राहिलं तेव्हा मी कोल्ह्यासारखी शहाणी झाले. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला "शाळा बुडवायची आहे ना?" हे ज्या घरात विचारत नाहीत, असं घर मला अजून भेटलेलं नाही.

दुसऱ्या जातीची पुस्तकं आहेत ती शिक्षेची. नखं कापली नाहीत, झाला रोग. दात घासले नाहीत, पडली कीड. हात धुवायला शिकवू नये असं मी म्हणत नाही. रोज जेवणाआधी रांगेत उभं करून मीच पोरांचे हात धुऊन घेते. पण आजार टाळायची सवय शिकवणं वेगळं आणि आजारी पडलेल्याला दोषी ठरवणं वेगळं. आरोग्याच्या नावाखाली यमकं जुळवणाऱ्यांना हा फरक कळत नाही किंवा कळून घ्यायचा नाही.

या जातीचा एक जुना पूर्वज जर्मनीतला. फ्रँकफर्टचा हाइनरिश हॉफमन हा डॉक्टर. त्याच्याजवळ आलेली आजारी पोरं घाबरून रडायची, तर तो कागदावर भराभर चित्रं काढून त्यांना गप्प करायचा. १८४४ साली आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्यानं वहीत यमकं आणि चित्रं काढली आणि पुढच्या वर्षी ती छापली गेली. ‘स्ट्रुव्वेलपेटर’ हे त्या पुस्तकाचं नाव. त्यात सूप नको म्हणणारा मुलगा वाळत वाळत पाचव्या दिवशी मरतो. अंगठा चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी कात्रीनं कापून टाकतो. रडणाऱ्या पोराला शांत करणारा हाच हात आणि भीती घालणाराही हाच! पुस्तक जगभर गेलं, पिढ्यान्‌पिढ्या गाजलं. आमच्या सशाचे अस्वलडॉक्टर त्याच घराण्यातले.

आणि यमक ही काय साधी चीज आहे? ज्या पोराला वाचता येत नाही त्यालाही यमक कळतं. ओळ संपायच्या आत शेवटचा शब्द कोणता येणार हे त्याला जाणवतं आणि मोठ्यांच्या आधी पोर तो म्हणून टाकतं. तापानं फणफणलेल्या पोराच्या हातात काहीच नसतं. कोण कधी सुई टोचेल, कडू काय पाजेल, आई कधी बाहेर जाईल, याचा त्याला पत्ता नसतो. अशा वेळी पुढचा शब्द आपल्याला ठाऊक आहे, एवढाच त्याचा आधार. जात्यावर बसलेल्या बायांना हे माहीत होतं, पाळणा म्हणणाऱ्या आयांना माहीत होतं. म्हणून यमकातून सांगितलेलं खोटं जन्मभर जात नाही. गद्यातली चूक खोडता येते. ठेक्यातली चूक पोर म्हातारपणापर्यंत गुणगुणतं.

परदेशात हे चांगलं करून दाखवलेलं आहे. ‘मॅडलिन’ १९३९चं, लुडविग बेमेलमन्सचं. पॅरिसच्या मुलींच्या वसतिगृहातली सगळ्यांत लहान मुलगी, मध्यरात्री अपेंडिक्सचं दुखणं, दवाखाना, ऑपरेशन, मग पोटावरचा व्रण ती मैत्रिणींना ऐटीत दाखवते. तिनं काय चूक केली, असं पुस्तक एकदाही विचारत नाही. २००२मध्ये अमेरिकेत एरिन डीली यांनी अस्वलांच्या घरात शिरणाऱ्या गोल्डीलॉक्सला कांजिण्या आणल्या आणि धाकट्या भावाला तिला चिडवायला लावलं. ओळखीची पोरगी, ओळखीचं दुखणं, घरातलं चिडवाचिडवीचं भांडण.

आता कोणीतरी उठेल आणि याचंच मराठी भाषांतर करून गोल्डीलॉक्स आमच्या वर्गात पाठवेल. नका पाठवू. उंब्रजच्या पोरीला लापशीची वाटी चोरणाऱ्या सोनेरी केसांच्या मुलीची काय ओळख? आमच्या गावात समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आहे. बालवाडीतलं पोरसुद्धा सांगेल की लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा मारुतीनं अख्खा पर्वत उचलून आणला. त्या गोष्टीत लक्ष्मणाला कुणी विचारत नाही की तू काय खाल्लं होतंस. सुषेण वैद्य औषध सांगतो, मारुती धावतो, राम उशाशी बसून रडतो. आजारी माणसाभोवती कसं वागावं हे त्या गोष्टीत आहे आणि ती गोष्ट कृष्णा-तारळीच्या या संगमावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण एकाही यमकवाल्याला ती सुचली नाही, सुचली ती जिलेबी.

भोपळ्यातली म्हातारी घ्या. मरतुकडी, हाडं दिसणारी म्हातारी लेकीकडे जाते, चार दिवस खाते-पिते, अंगावर मांस चढतं आणि भोपळ्यात बसून वाघाच्या रानातून घरी परतते. दवाखान्यातून घरी आलेल्या पोराची याहून नेमकी गोष्ट मराठीत दुसरी नाही. कावळा आणि चिमणी घ्या. पावसात भिजलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी बाळाचं एकेक काम सांगून त्याला थांबवते. कांजिण्या आलेल्या घराचं हेच चित्र असतं. पुरळ उठल्यापासून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत पोरानं दुसऱ्यांत मिसळायचं नाही, मित्र दाराशी येऊन हाका मारतात आणि आत पोराला वाटतं आपण काहीतरी वाईट झालोय. चिमणीचं दार बंद का आहे, याचं खरं कारण एकदा सांगून टाका. आमच्या आजीच्या काळी घरात "आई आली" म्हणायचे, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावायचे, फोडणी बंद करायचे. औषध टाळून नुसत्या डहाळ्यावर विसंबणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्या घरात पोराला कुणी रागावत नव्हतं, त्याच्याशी हळू आवाजात बोलत, हे मला आठवतं.

मराठीत चांगलं लिहिणारे नाहीत, असं कुणी म्हणू नये. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ वर्गात वाचलं की पोरं गप्प होतात, कारण त्यात त्यांचंच घर असतं. ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं. पोरांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३मध्ये सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, वजन-उंची घेतं, दात-डोळे बघतं, हृदयाला छिद्र असलेली पोरंही शोधून काढतं. चांगलं काम आहे ते. पण ज्या पोराच्या कार्डावर आजाराचं नाव लिहिलं जातं त्याच्या हातात दुसऱ्या दिवशी काय ठेवायचं? मधुमेहाच्या, फिट येणाऱ्या, दम्याच्या, थॅलेसेमियाच्या पोरासाठी आपल्या गोष्टीतला आपला प्राणी कोणी लिहिणार आहे का? मला सशाच्या आठ पानांइतकंच काही हवंय. फक्त ते लिहिणाऱ्यानं आधी एका डॉक्टरला विचारावं, एका आजारी पोराजवळ तासभर बसावं आणि मग यमक शोधावं. आधी यमक शोधून मग आजार त्यात कोंबू नये.

सशाचं पुस्तक मी वर्गातून परत गोळा केलं. ज्यांनी वाटलं त्यांना ते कारणासह पत्र लिहून परत पाठवलं.

आणि त्या मुलीबरोबर एक पुस्तक करायला घेतलंय. जुन्या पोस्टरांची मागची कोरी बाजू, तेलखडू आणि शिवायला दाभण-दोरा. म्हातारीची गोष्ट घेतली. ओळी दोघींनी मिळून जुळवल्या, ठेका चुकला की ती मांडीवर थाप मारून दाखवते. भोपळ्यात म्हातारी बसली, तर पोरगी म्हणाली, सुई कुठाय? तिच्या घरी फ्रीज नाही, तिचं इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात असतं. भोपळा आतून गार असतो, तिथंच बाटली ठेवू, असं तिनं ठरवलं आणि म्हातारीच्या मांडीशी छोटीशी बाटली काढली. मी विचारलं, वाघ वाटेत आडवा आला आणि तेवढ्यात म्हातारीच्या सुईची वेळ झाली, तर गं?

"बाई, वाघाला थांब म्हणायचं," ती खडू न थांबवता म्हणाली. "जेवायच्या आधी सुई घ्यायचीच असते."