राजोला कात्री लावू नका

जुन्या टीव्ही मालिकेवर चित्रपट काढायचा, हा धंदा आता जगभर रुळला आहे. नाव लोकांच्या ओळखीचं, शीर्षकसंगीत ओळखीचं, पात्रं ओळखीची. निर्मात्याची निम्मी जाहिरात आधीच झालेली असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धंदा करणाऱ्याने धंदा करावा.

माझी तक्रार वेगळी आहे. पाच-सहा तासांची गोष्ट दोन-अडीच तासांत बसवायची, तर कुणाला तरी बाहेर काढावं लागतं. आणि बाहेर जाणारा माणूस बहुतेक वेळा एकाच जातकुळीचा असतो : ज्याच्या वागण्यामागचं कारण सांगायला वेळ लागतो तो. नायकाला कारण लागत नाही, खलनायकाला तर मुळीच नाही. कारण लागतं ते परिस्थितीने कोंडलेल्या साध्या माणसाला. तो आधी जातो.

एक उदाहरण देतो. १९८९ साली ब्रिटनच्या चॅनल फोरवर ‘ट्रॅफिक’ नावाची सहा भागांची मालिका आली. विषय हेरॉइनचा. त्यात एक ब्रिटिश मंत्री आहे, त्याची व्यसनात अडकलेली मुलगी आहे, जर्मनीतले पोलीस आणि व्यापारी आहेत. आणि पाकिस्तानातला फजल नावाचा एक शेतकरीही आहे. तो अफू पिकवतो. सरकार त्याचं उभं पीक नष्ट करतं. आता घर कशावर चालवायचं, याचं उत्तर त्याला कुणी देत नाही. मग तो कराचीला जातो आणि हेरॉइनच्या एका बड्या व्यापाऱ्याकडे चाकरीला लागतो. फजल काही साधुपुरुष नाही. पण तो असा का झाला, हे आपल्याला पायरी-पायरीने दिसतं.

२००० साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी त्यावर चित्रपट केला. नाव तेच, फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. गोष्ट अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर नेली. ते ठीक आहे. अमेरिकी प्रेक्षकाला त्याची सीमा दाखवली. चित्रपट चांगला आहे, त्याला चार ऑस्कर मिळाली, मलाही तो आवडतो. पण त्यात शेतकरी नाही. पाकिस्तानी नाही म्हणून मी रडत नाही. मेक्सिकनही नाही, कोलंबियनही नाही. पोलीस आहेत, न्यायाधीश आहे, व्यापारी आहे, त्याची बायको आहे, व्यसनी मुलगी आहे. पिकवणारा तेवढा गायब. अमली पदार्थ जणू सीमेवरच उगवतात!

दुसरं उदाहरण ‘मिशन : इम्पॉसिबल’चं. १९६६ची मूळ मालिका ही एका पथकाची गोष्ट होती. प्रत्येकाचं कसब वेगळं आणि काम सगळ्यांचं मिळून. १९९६च्या चित्रपटात बहुतेक पथक सुरुवातीलाच मारून टाकलं आणि उरला एकटा टॉम क्रूझ. पथकाचा जुना प्रमुख जिम फेल्प्स तर गद्दार निघाला. मालिकेत ही भूमिका करणाऱ्या पीटर ग्रेव्हज यांनी चित्रपटात काम करायला नकार दिला, तो उगाच नाही.

कुणी म्हणेल, सगळेच असे नसतात. बरोबर. ‘द फ्युजिटिव्ह’ या साठच्या दशकातल्या मालिकेवरचा १९९३चा चित्रपट उत्तम जमला. पण का जमला? कारण ती मुळातच एकट्या पळणाऱ्या माणसाची गोष्ट होती. एकट्याची गोष्ट चित्रपटात बसते. वस्तीची, मोहल्ल्याची, समाजाची गोष्ट बसवताना कात्री चालते.

आता आपल्या घरात येऊ. आपल्याकडेही दूरदर्शनच्या जुन्या मालिकांची आठवण निघाली की ‘यावर पिक्चर काढायला पाहिजे’ असं लोक सहज म्हणून जातात. ‘नुक्कड’वर काढा, ‘तमस’वर काढा. माझ्या पोटात गोळा येतो तो इथे.

१९८६च्या ‘नुक्कड’मध्ये कादरभाईचं हॉटेल होतं, करीम हजाम होता. ते मुसलमान होते, एवढंच. कुणी देशप्रेमाची परीक्षा द्यायला उभा नव्हता. भाग पुढे सरकत गेले तसे ते सायकलवाल्या हरीइतकेच ओळखीचे झाले. ती ओळख व्हायला आठवडे लागले. अडीच तासांच्या चित्रपटात ते आठवडे कुठून आणणार? तिथे करीमला ओळख पटवायला टोपी लागेल, सुरमा लागेल, आणि मध्यंतरानंतर एक तर जीव देणं किंवा जीव घेणं लागेल.

‘तमस’चं तर विचारूच नका. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची गोविंद निहलानींची ही मालिका जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवर लागली. सुरुवातीलाच मुराद अली नावाचा माणूस नत्थूकडून डुक्कर मारून घेतो, ते मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं. पुढे हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारं शीख जोडपं जीव मुठीत धरून एका दारावर थाप मारतं. दार उघडते ती राजो. घर मुसलमानाचं. तिच्याच घरातले पुरुष लुटालुटीत सामील. लुटून आणलेली पेटी निघते याच जोडप्याची. अशा घरात राजो त्या दोघांना आसरा देते. सुरेखा सिक्रींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मालिका बंद पाडायला लोक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका पूर्ण पाहिली आणि मग प्रक्षेपणाला परवानगी दिली. फेब्रुवारी १९८८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. ‘पूर्ण पाहिली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तुकडा पाहिला असता तर निकाल वेगळा लागू शकला असता.

आजच्या बाजारात ‘तमस’ अडीच तासांचा करायचा झाला, तर काय उरेल? मुराद अली नक्की उरेल. त्याच्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. डुक्कर, मशीद, आग, तलवारी हे सगळं उरेल. ते तर ट्रेलरमध्येच येईल. आणि राजो? तिच्यामुळे कथानक पुढे सरकत नाही, असं कुणीतरी शहाणा सांगेल. कुठलंही वाक्य खोटं न घालता, नुसतं गाळून, ‘तमस’चा अर्थ उलटा करता येईल.

इथे आपल्यालाही दोन शब्द ऐकवायला हवेत. आपण मुसलमान प्रेक्षक पडद्यावर जे दिसतं त्यावर चिडतो. खलनायकाची दाढी मोजतो, निवेदनं देतो, बहिष्काराचे मेसेज फिरवतो. पण जो गाळला गेला त्याच्यासाठी आपल्याकडून एक ओळही लिहिली जात नाही, कारण तो दिसतच नाही. फजल गेल्याचं कुणाला कळलंही नाही. शिवाय आपल्याला हवा असतो तो ‘चांगला मुसलमान’, स्वच्छ, निष्कलंक. राजोच्या घरात लुटीची पेटी आहे, हे सांगायला आपल्यालाही जड जातं. आपणच असे देवमाणसांचे पुतळे मागत राहिलो, तर कात्री चालवणाऱ्याचं काम आपणच सोपं करतो. पेटीसकट राजो मागायला शिकलं पाहिजे.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे : जुन्या मालिका जपायच्या असतील तर त्या आहेत तशा दाखवा. चांगली प्रत काढा, मराठी उपशीर्षकं द्या, आजच्या मुलांना सगळे भाग पाहू द्या. नवं काही सांगायचं असेल तर नवी मालिका लिहा. आणि चित्रपटच काढायचा असेल, तर पटकथा लिहायला बसताना राजोचा प्रसंग आधी लिहा. जागा कमी पडली तर मग आगीचे प्रसंग कमी करा. आग लोकांनी पुष्कळ पाहिली आहे.