भिंतीवरचा डबा

"दिवाळी अंकाला नाताळ? तुम्हांला दुसरा विषय सुचला नाही का?" असे आमच्या घरातून विचारून झाले आहे. वाचकांनीही तसे विचारले तर मी रागावणार नाही. पण करंज्यांचा डबा भरायला घेतला की मला वसई आठवते, त्याला माझा इलाज नाही.

माझे एक स्नेही वसईचे. एकाच बँकेत, समोरासमोरच्या टेबलांवर आमची सव्वीस वर्षे गेली. दिवाळीत आमच्याकडून त्यांच्या घरी फराळाचा डबा जायचा आणि नाताळानंतर तोच डबा भरून परत यायचा. रिकामा डबा परत करू नये, हा रिवाज त्यांच्याकडेही आहे. डब्यात केकचे तुकडे असत, काट्याच्या पाठीवर वळलेली कुलकुले असत आणि नेवऱ्या असत. नेवरी म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, आपली करंजीच. आमच्या मंडळींनी ती पहिल्यांदा चाखली तेव्हा त्या म्हणाल्या, "खसखस आपल्यापेक्षा सढळ आहे हो!" त्यांच्याकडून परक्या करंजीला एवढे प्रशस्तिपत्र मिळणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग 2015 च्या दिवाळीत स्नेही जरा चाचरत म्हणाले, "यंदा दोन डबे द्याल का? आम्ही भाऊ वेगळे झालो." मी दोन डबे दिले. अधिक चौकशी केली नाही. ते बरे दिसत नाही.

2022 साली नाताळ नेमका रविवारी आला. आम्ही दोघेही निवृत्त झालो होतो. त्यांचा फोन आला, "या वेळी सबब ऐकणार नाही. शनिवारी सकाळी दोघेही या, रविवारी संध्याकाळी जा." आम्ही निघालो. भाईंदरची खाडी ओलांडली, वसई रोडला उतरलो आणि रिक्षाने समुद्राच्या दिशेने चाललो. सुरुवातीला नुसत्या इमारतीच इमारती. एका वळणानंतर मात्र केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि घराघरांवर कागदी चांदण्या! काड्या तासून, कागद चिकटवून घरीच केलेल्या. आकाशकंदील उतरवून जेमतेम दोन महिने झाले होते. हिला वाटले, दिवाळी वाटेत कुठे तरी थांबली होती ती इथे सापडली.

घर लांबलचक, कौलारू. ओटीच्या मधोमध कमरेएवढी नवी भिंत आणि दारे दोन. अलीकडचे दार स्नेह्यांचे, पलीकडचे धाकट्या भावाचे. विहीर एकच.

ओटीवर मुले गोठा मांडत होती. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून नाताळात घरोघरी त्याचा देखावा करतात. गवताचे छप्पर, माती-दगडांचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचे तळे, मेंढ्या, मेंढपाळ. डब्यांत आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरून हिरवेगार शेत केलेले. आपली मुले दिवाळीत किल्ला करतात आणि वर अळीव पेरतात, तोच हा उद्योग. मी तसे म्हणताच स्नेही हसले, "किल्ला तर तुम्ही आमचा खराखुराच घेतलात! 1739 साली चिमाजीअप्पांनी. वर आमच्या चर्चच्या घंटाही नेल्यात." ते खरे आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या घंटा आजही आहेत. "मग परत मागा ना," मी म्हटले. ते म्हणाले, "कशाला? वाजताहेत ना? पुरे."

बोलण्याच्या भरात माझ्या एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. गोठ्यात मारिया होती, योसेफ होता, गाय होती. मधली गव्हाणी मात्र रिकामी. "बाळ रात्री ठेवायचे," वहिनी म्हणाल्या आणि लगबगीने आत गेल्या.

आतली हकीकत हिला स्वयंपाकघरात कळली. भाऊ वेगळे झाले तरी आजी, म्हणजे स्नेह्यांच्या मातोश्री, थोरल्यांकडेच होत्या. त्या पावसाळ्यात वाडी बिल्डरला देण्याचा विषय निघाला. सात-बारावर नावे दोघांची. थोरले नाही म्हणाले. ते तरुणपणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीत हिंडलेले. वाडी मोडणे त्यांना सोसवेना. भावाभावांचे बोलणे तुटले आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजींचीही महिन्यामहिन्याची वाटणी झाली. डिसेंबर धाकट्याचा. बाळ येशूची मूर्ती आजींच्या पेटीत, आणि पेटी आजींबरोबर भिंतीपलीकडे!

धाकट्याला खलनायक करायला मी तयार झालो होतो, हे कबूल करतो. पण दुपारी विहिरीवर त्याची गाठ पडली. त्याने पोहऱ्यातले पाणी माझ्या ओंजळीत ओतले. "पिऊन पाहा." पाणी मचूळ होते. "केळीला हे कसे घालू? गडी मिळत नाही, मुलगा कुवेतला, माझे गुडघे गेलेले. भाऊ पेन्शनीत आहे, त्याला हिरवे दिसते. मी रोज वाकतो, मला दिसत नाही." मला उत्तर सुचले नाही. सव्वीस वर्षे एकाच भावाची बाजू ऐकत आलो होतो, हे तेव्हा उमगले.

रात्री आम्ही मिस्सेला गेलो. चर्चसमोरच्या पटांगणात मांडव, दिव्यांच्या माळा, हजारभर माणसे. थंडी चांगलीच होती. हिने शाल आणली नाही म्हणून वहिनींनी आपली दिली. सारी प्रार्थना मराठीत. 1962 ते 1965 या काळात व्हॅटिकनला धर्मपरिषद भरली, त्यानंतर लॅटिन जाऊन लोकांची भाषा आली. आजींना मुलीपणीचे लॅटिन अजून पाठ आहे. अर्थ तेव्हाही कळत नसे, असे त्या हसून सांगतात. त्या पुढे खुर्चीवर बसल्या होत्या, धाकट्याच्या कुटुंबासोबत. आम्ही पाच रांगा मागे. स्नेह्यांचे लक्ष वेदीपेक्षा त्या खुर्चीकडेच अधिक होते.

घरी आलो तेव्हा बारा वाजायला आले होते. केक कापायला काढलेला, पण सुरीला कोणी हात लावीना. सहा वर्षांची नात तेवढी विचारत राहिली, "बाळ कुठंय? बाळ कुठंय?" शेवटी स्नेही उठले, भिंतीपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. हाक काही मारवेना.

तेवढ्यात पलीकडचे दार उघडले. आजी बाहेर आल्या, हातात कापसात गुंडाळलेली मूर्ती. मागे धाकटा, विजेरी घेऊन. त्यांची पायरी फुटलेली होती. अंगणातून वळसा घालून तो आईला सावकाश आमच्या पायरीपर्यंत घेऊन आला आणि तिथेच थांबला. विजेरीचा झोत मात्र आईच्या पावलांपुढे धरून होता. आजी आत आल्या, त्यांनी नातीकडून मूर्ती गव्हाणीत ठेववली आणि सामवेदीत काहीसे म्हणाल्या. मला इतकेच कळले की धाकट्याला थंडीत उभे करू नका, असे त्या सुनेला सांगत होत्या. वहिनींनी बशीत केक आणि गरम फुगे घालून बाहेर नेले. त्याने ते पायरीवर उभ्यानेच खाल्ले. वर आला नाही. बशी मात्र विसळून परत दिली.

रविवारच्या जेवणाचे वर्णन करीत बसलो तर संपादक कात्री लावतील. इंदेल होते, मासे होते, आणि आमच्या शाकाहारी मंडळींसाठी वालाचे बिरडे वेगळ्या चुलीवर. आजी त्या दिवशी अलीकडेच जेवल्या. भाऊ एकमेकांशी बोलले का? दुपारी भिंतीवरून आवाज आला, "मोटार बंद केलीस?" इकडून उत्तर गेले, "केली." एवढेच.

निघताना आजींनी हिच्या ओटीत सुकेळी घातली, केळीच्या वाळल्या पानात बांधलेली. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. वाडीतल्याच झाडांची. म्हणाल्या, "पोरी, दिवाळीला दोन डबे पाठवतेस. एकच पाठवत जा."

पुढच्या दिवाळीत एकच डबा घेऊन मी स्वतः गेलो. कोणाच्या दारी द्यायचा, हे आजींनी सांगितले नव्हते. थोरल्या वहिनींनी तो घेतला, उघडला नाही, आणि कमरेएवढ्या भिंतीवर ठेवला.

वाडीचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. नाताळानंतर डबा भरून परत आला. त्यात नेवऱ्या दोन तऱ्हांच्या होत्या. काहींत खसखस सढळ, काहींत बेताची.