टाचा उंच, पण कुणाच्या हुकमाने?

मैत्रिणींनो, गरोदर बाईने उंच टाचांची चप्पल घालावी की नाही, याबद्दल आपल्याकडे प्रत्येकाला मत आहे. सासूला आहे, शेजारणीला आहे, रिक्षावाल्यालाही आहे. ती चप्पल तिच्या पायात आली कशी, हे मात्र कुणी विचारत नाही.

2011 साली मला सातवा महिना होता. पुण्यातल्या एका हॉटेलात मी स्वागतकक्षात काम करत होते. गणवेश म्हणजे रेशमी साडी, अंबाडा आणि अडीच इंच टाचांचे काळे बूट. आठ तास उभं राहायचं. काउंटरमागे खुर्चीच नव्हती, कारण पाहुणा आला की आम्ही उभ्याच दिसलो पाहिजे. संध्याकाळी पाय इतके सुजायचे की बूट काढायला नवऱ्याचा हात लागायचा. एकदा नुकत्याच पुसलेल्या फरशीवर घसरून मी गुडघ्यावर आपटले. पोटाला लागलं नाही. घरी कळल्यावर पहिलं वाक्य आलं, "एवढी कसली हौस टाचांची? बाळाचा तरी विचार करायचा!"

हौस! माझ्या कंबरेतून कळा जात होत्या, त्याची चौकशी कुणी केली नाही.

डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन मी मॅनेजरकडे गेले. ते अगदी नम्रपणे म्हणाले, सपाट चपलांत पुढे उभं राहता येणार नाही, आत टेलिफोनवर बसा. बसले. महिनाअखेरीस पगार कमी आला. पुढच्या कामाचा भत्ता कापला होता. म्हणजे पोट दिसायला लागलेली बाई आत दडवायची आणि त्याचे पैसेही तिच्याकडूनच वसूल करायचे.

आता शरीराचं बोलू. पोट वाढतं तसा तोल पुढे जातो आणि तो सावरायला कंबरेचा बाक वाढतो. संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात, पायांवर सूज येते. त्यात टाच उंच असली की पाठीवर ताण येतो, पोटऱ्या आखडतात, पाय मुरगळतो. बुटाच्या टाचेने गर्भाशयाला थेट काही होत नाही. खरी भीती तोल जाऊन पडण्याची असते. आणि अगदी सपाट, पातळ चप्पलही चांगली नाही. थोडीशी, रुंद टाच आणि तळव्याच्या कमानीला आधार हवा. एवढं सरळ सांगता येतं. पण बाईला सांगताना बाळाची धमकीच का लागते? तिची पाठ हे पुरेसं कारण का होत नाही?

1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात एक कलम होतं, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं. बाईने विनंती केली, तर फार वेळ उभं राहण्याचं काम तिला देता येत नाही. कधी? प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना. तोही तिने मागितला तर! कंत्राटावरची कोणती मुलगी मागेल? केरळमध्ये कापडदुकानांतल्या बायका दिवसदिवस उभं राहण्याविरुद्ध लढल्या, तेव्हा 2018 साली तिथे दुकानांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूत 2021 साली आला. या हक्कासाठी गरोदर असावं लागत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लंडनमध्ये 2015 साली निकोला थॉर्प स्वागतिकेच्या कामावर सपाट बूट घालून गेली, तर तिला पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि 2017 साली पार्लमेंटमध्ये चर्चा झाली. आपल्याकडे मात्र 'फॅशनवाल्या पोरींचा प्रश्न' म्हणून चळवळीतल्या आपणही हसून सोडून देतो. मीही सोडला होता, माझ्या पायात ते बूट येईपर्यंत.

आणि एखादीला आवडतात म्हणून ती स्वतःच्या डोहाळजेवणाला टाचा घालून मिरवली, तर मिरवू दे. तिला धोका माहीत असावा, एवढंच. ती वाईट आई ठरत नाही.

आमच्या गटाने दुकानं, हॉटेलं, दवाखान्यांतल्या बायकांकडून गणवेशाचे नियम गोळा करायला घेतले आहेत. तुमच्या नेमणूकपत्रात असे नियम असतील तर नक्कल घेऊन बैठकीला या. मागण्यांचा मसुदा तयार होतो आहे. त्यात पहिली मागणी खुर्चीची आहे, चपलेची दुसरी.