मूळ रहिवाशाचा सातबारा कुणाच्या नावावर?

आपल्या मंडळाच्या बैठकीत एक वाक्य हटकून कानावर येते: "आपण आर्य, हे द्रविड." हैदराबादेत चार-चार पिढ्या काढल्यावर, शेजारघरची गोंगुऱ्याची चटणी खाऊन मोठे झाल्यावरही हे वाक्य आपण मुलांदेखत बोलतो. आणि त्याच मुलांना कुणी "तुम्ही बाहेरचे" म्हटले की मात्र आपला संताप होतो. आम्ही स्पष्टच विचारतो, ही दोन्ही वाक्ये एकाच मापाची नाहीत काय?

मुळात 'द्रविड' हा हिशेब भाषेचा आहे, रक्ताचा नव्हे. तमिळ, तेलुगू, कन्नड या संस्कृतच्या लेकी नव्हेत, त्यांचे कूळ वेगळे, हे १८१६ साली मद्रासमध्ये एलिस यांनी मांडले. १८५६ साली काल्डवेल यांनी त्या कुळाला 'द्रविड' हे नाव रूढ केले. त्याला वंशाचे शेपूट पुढे चिकटले. आपल्या जुन्या परंपरेत तर पंचद्रविडांत महाराष्ट्रही मोजला जातो! इंदूरला जन्मलेल्या मराठी घरातल्या राहुल द्रविडचे आडनाव विसरलात काय?

आता मूळ भूमीचे दावे पाहा. १८६४ साली स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने मादागास्कर आणि भारत यांच्यामध्ये बुडालेला 'लेमुरिया' खंड कल्पिला. तमिळ अभिमान्यांनी त्यालाच आपले माहेर ठरवले. भूशास्त्राने तो खंड केव्हाच निकालात काढला. बलुचिस्तानात ब्राहुई ही द्रविड भाषा बोलतात, म्हणून कुणी सिंधूकडे बोट दाखवतो. तर ते लोक मागाहून तिकडे गेले, असे दुसरा म्हणतो. सिंधू लिपी अजून वाचली गेलेली नाही. ती वाचणाऱ्याला तमिळनाडू सरकारने २०२५ साली दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्याचा जनुकीय अहवाल आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे त्या कामात प्रमुख होते. दोन्ही बाजूंनी तो आपापल्या खात्यात जमा करून घेतला! पण हाडे भाषा सांगत नाहीत. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासानुसार गवताळ प्रदेशातले पशुपालक इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास इकडे आले, आणि सिंधूकाठच्या लोकांचा वारसा उत्तरेत व दक्षिणेत, दोन्हीकडे उतरला. म्हणजे खाते संयुक्त आहे. एकट्याच्या सहीने चालणारे नाही.

यवतमाळात कोलामी आणि गडचिरोलीत गोंडी आजही बोलली जाते. दोन्ही द्रविड भाषा. "द्रविड म्हणजे परके" म्हणणाऱ्यांनी या माणसांना कुठल्या गावचे ठरवायचे?

कुणी म्हणेल, आपली मराठी तरी संस्कृत-प्राकृताच्या घरची. खरे आहे. पण ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' आणि त्याला धरून 'आपण', हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही. तेलुगूत तो 'मेमु' आणि 'मनमु' असा आहे, तमिळमध्येही आहे. द्रविड शेजाराचा हा ठसा आहे, असे भाषातज्ज्ञ मानतात. घर एकीकडचे, पण वळण शेजाऱ्याचे!

बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही रोज कागद तपासतो. "आमचे पूर्वज आधी आले" हा कागद कुठलीही बँक तारण म्हणून घेणार नाही. आपल्या मराठी शाळा, ग्रंथालये, मुलांचे या शहरावरचे हक्क हे सारे इथल्या नागरिकत्वावर आणि कष्टांवर उभे आहेत. आर्यपणाच्या फुशारकीवर आपण ते मागू लागलो, तर उद्या द्रविडपणाच्या फुशारकीवर कुणी ते नाकारील. तेव्हा बोलायला आपल्याकडे तोंड उरणार नाही.

म्हणून मंडळाला आमची विनंती आहे: मुलांच्या इतिहासवर्गात "ते आणि आपण" ही रेघ ओढू नका. पुढच्या कार्यक्रमाला तेलुगू शेजाऱ्यांना बोलवा. त्यांच्यासमोर 'आम्ही' पुष्कळ झाले. आता 'आपण' म्हणू या.